देवांच्या पंगतीत वैद्याचं पान

धनत्रयोदशीला, म्हणजे आश्विन वद्य त्रयोदशीला, वैद्यांच्या घरी आणि दवाखान्यांत धन्वंतरीची पूजा होते. तसबिरीत चार हात असतात: शंख, चक्र, अमृताचा कलश आणि काही चित्रांत चक्क जळू. समुद्रमंथनातून हा देव कलश घेऊन वर आला आणि त्यानं माणसांना आयुर्वेद दिला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली. ती मनात धरून चरकसंहिता उघडली की पहिल्याच अध्यायात अडखळायला होतं. आयुर्वेद पृथ्वीवर कसा आला याची सविस्तर हकीकत तिथे आहे, पण तिच्यात धन्वंतरीचा पत्ताच नाही.

इथूनच सुरुवात करू. आयुर्वेदाची जन्मकथा एक नाही. ग्रंथागणिक ती वेगळी आहे आणि एकाच ग्रंथात ती दोनदा वेगवेगळी सांगितलेली आहे. या कथा एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या की लक्षात येतं, त्या सगळ्यांच्या तळाशी एकच जुनी सल आहे.

आधी चरकसंहितेतली कथा. पहिल्या अध्यायाचं नाव 'दीर्घंजीवितीय'. पडदा उघडतो तेव्हा भरद्वाज ऋषी इंद्राकडे निघालेले दिसतात. का निघाले ते मागाहून कळतं. तप, उपवास, अध्ययन करणाऱ्या माणसांना रोगांनी गाठलं आणि त्यांची व्रतं तडीला जाईनात. तेव्हा प्राणिमात्रांच्या कळवळ्यानं ऋषी हिमालयाच्या कुशीत जमले. अंगिरा, जमदग्नी, वसिष्ठ, कश्यप, भृगू, आत्रेय, गौतम, अगस्त्य, मार्कंडेय… यादी बरीच लांबते. त्या बैठकीत एक वाक्य उच्चारलं जातं: 'धर्मार्थकाममोक्षाणाम् आरोग्यं मूलमुत्तमम्.' चारही पुरुषार्थांचं मूळ आरोग्यात आहे. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे त्याची गरज लागेल.

उपाय इंद्राकडे आहे हे ऋषींना ध्यानात दिसलं. मग प्रश्न आला, इंद्राकडे जाणार कोण? भरद्वाज पुढे झाले, मला पाठवा म्हणाले. इंद्राला हे ज्ञान मिळालं होतं अश्विनीकुमारांकडून, त्यांना दक्ष प्रजापतीकडून आणि दक्षाला ब्रह्मदेवाकडून. समोरच्याची बुद्धी मोठी आहे हे ओळखून इंद्रानं थोडक्या शब्दांत शिकवलं, असं ग्रंथ सांगतो. काय शिकवलं? तीन सूत्रं: हेतू, लिंग आणि औषध. ताप भरला असेल तर तो कशानं आला हा हेतू, तो तापच आहे हे कशावरून ओळखायचं हे लिंग आणि तो कशानं उतरेल हे औषध. ही तीन सूत्रं निरोग्यालाही लागू आणि आजाऱ्यालाही. एवढ्या मोठ्या शास्त्राचं बीज इतकं सुटसुटीत आहे.

पुढे पुनर्वसू आत्रेयांनी हे ज्ञान सहा शिष्यांना दिलं: अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणी. सगळ्यात आधी ग्रंथ रचला तो अग्निवेशानं. तो का पुढे गेला, याचं कारण फार छान दिलंय. गुरूंनी त्याला काही वेगळं शिकवलं नव्हतं, बुद्धी त्याची वेगळी होती. मग सहाही जणांनी आपापले ग्रंथ जमलेल्या ऋषींना वाचून दाखवले आणि त्यांनी पसंती दिली तेव्हा कुठे ते जगात रुजले. अग्निवेशाच्या ग्रंथावर चरकानं संस्कार केले. त्यातला जो भाग नंतर मिळेनासा झाला तो दृढबलानं भरून काढला. एकशेवीस अध्यायांपैकी एक्केचाळीस दृढबलाच्या हातचे आहेत आणि तसं ग्रंथातच नोंदलेलं आहे. म्हणजे देवापासून सुरू झालेली परंपरा अगदी प्रामाणिकपणे संपादकापर्यंत येऊन पोचते.

आता सुश्रुतसंहिता. इथे मात्र धन्वंतरी आहे आणि तो काशीचा राजा आहे. दिवोदास नावाचा हा राजा वानप्रस्थ घेऊन आश्रमात राहतो. औपधेनव, वैतरण, औरभ्र, पौष्कलावत, करवीर्य, गोपुररक्षित, सुश्रुत अशी मंडळी त्याच्याकडे येतात आणि म्हणतात, नाना रोगांनी गांजलेली, नातलग असूनही अनाथासारखी तळमळणारी माणसं बघवत नाहीत, आम्हाला शिकवा. राजा सांगतो की देवांचं म्हातारपण, आजार आणि मरण दूर करणारा आदिदेव धन्वंतरी तो मीच, आणि शल्यतंत्र, म्हणजे शस्त्रक्रियेची विद्या, शिकवायला पुन्हा पृथ्वीवर आलो आहे. ब्रह्मा, प्रजापती, अश्विनीकुमार, इंद्र हा वरचा भाग चरकासारखाच आहे. शेवटची कडी तेवढी बदलली. तिथे भरद्वाज, इथे धन्वंतरी.

ही चूक म्हणायची का? माझ्या मते नाही. दोन घराण्यांनी आपापल्या गुरूचं नाव सांगितलं, एवढंच. आत्रेयांचं घराणं कायचिकित्सेचं, म्हणजे पोटातून औषध देणाऱ्यांचं. धन्वंतरीचं घराणं शस्त्र हातात धरणाऱ्यांचं. चरकसंहितेत गुल्म, म्हणजे पोटातल्या गाठीसारख्या विकाराची चिकित्सा सांगताना एक टप्पा असा येतो की गाठ पिकली आहे आणि आता कापावं लागणार. तिथे ग्रंथ थांबतो आणि सांगतो, इथे अधिकार धान्वंतरीयांचा. एका घराण्यानं दुसऱ्याला दिलेला हा मान आजच्या डॉक्टरांनाही ओळखीचा वाटेल.

सुश्रुतात आणखी एक तपशील आहे. ब्रह्मदेवानं प्रजा निर्माण करण्याच्याही आधी आयुर्वेद रचला, एक हजार अध्याय आणि एक लाख श्लोकांचा. माणसाचं आयुष्य थोडं आणि बुद्धीही थोडी, हे पाहून मग त्यानं त्याची आठ अंगं केली: शल्य, शालाक्य (मानेच्या वरचे अवयव), कायचिकित्सा, भूतविद्या, कौमारभृत्य (बाळं आणि त्यांच्या आया), अगदतंत्र (विषं), रसायन (म्हातारपण लांबवणं) आणि वाजीकरण (कामशक्ती वाढवणं). रोगी जन्माला यायच्या आधी औषध तयार होतं, असा दिलासा या कथेत आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर क्रियापदच वेगळं आहे: 'ब्रह्मा स्मृत्वायुषो वेदम्'. ब्रह्मदेवाला आयुर्वेद आठवला. ज्याला सुरुवातच नाही ते रचणार कसं? आठवायचंच. आयुर्वेदाला वैद्य 'शाश्वत' म्हणतात ते या अर्थानं. अग्नी उष्ण, पाणी प्रवाही, हे गुण कुणी शोधायच्या आधीपासून होतेच.

पंगतीबाहेरचे अश्विनीकुमार

आता त्या सलीकडे येऊ. या साखळीत मधोमध बसलेले अश्विनीकुमार कोण होते?

ऋग्वेदात हे जुळे भाऊ सतत कुणाच्या ना कुणाच्या मदतीला धावत असतात. खेल राजाच्या लढाईत विश्पलेचा पाय पक्ष्याचा पंख तुटावा तसा तुटला, तर यांनी त्या रात्रीच तिला लोखंडी पाय बसवला. ऋज्राश्वाला डोळे दिले. म्हाताऱ्या च्यवनाची जीर्ण कातडी अंगरखा उतरवावा तशी उतरवून त्याला तरुण केलं. पहिल्या मंडलाचं 116 वं सूक्त म्हणजे या उपकारांची यादीच आहे. इतकं कुणी केलं तर त्याला देवांच्या पंगतीत पहिलं पान मिळायला हवं.

झालं उलटंच. तैत्तिरीय संहितेत कथा येते. यज्ञाचं मस्तक तुटलं. देव अश्विनांकडे गेले, तुम्ही वैद्य आहात, हे जोडून द्या म्हणाले. अश्विनांनी बदल्यात सोमरसाचा एक पेला मागितला, आमच्याही नावानं भरा म्हणाले. काम झालं आणि देवांनी तोंड वाकडं केलं: हे दोघे अपवित्र, 'मनुष्यचर', माणसांत हिंडणारे, वैद्य! पुढे ग्रंथ स्वतःच निर्णय देतो की ब्राह्मणानं वैद्यकी करू नये, कारण वैद्य यज्ञाला योग्य नसतो. शेवटी स्तोत्रानं शुद्ध करून घेतल्यावरच अश्विनांना पेला मिळतो.

'मनुष्यचर' हा शब्द मला फार बोलका वाटतो. त्यांचा दोष काय, तर माणसांत मिसळले. वैद्याला दुसरा मार्ग कुठला? पू, रक्त, लघवी, बाळंतिणीची खोली, मरणाऱ्याचा बिछाना, याला हात लावल्याशिवाय त्याचं काम होत नाही. ज्या समाजात शुचिता सगळ्यात वर, तिथे हा हातच विटाळला. मनुस्मृतीत हे अगदी रोखठोक येतं. श्राद्धाच्या पंगतीतून कुणाला वगळायचं त्या यादीत चिकित्सक आहे, आणि वैद्याचं अन्न म्हणजे पू, असंही म्हटलं आहे. आजारी पडल्यावर ज्याला बोलवायचं त्याला जेवायला मात्र बसवायचं नाही.

ही गोष्ट ठाऊक असली की बाकीच्या कथांचा सूर एकदम कानावर येतो.

महाभारतातली च्यवनाची कथा घ्या. शर्याती राजाची मुलगी सुकन्या. वारुळात दोन चकाकणारे ठिपके दिसले म्हणून तिनं काटा टोचला, ते निघाले तपाला बसलेल्या च्यवनाचे डोळे. प्रायश्चित्त म्हणून त्या म्हाताऱ्याशी तिचं लग्न लागलं. पुढे अश्विनीकुमार आले, त्यांनी च्यवनाला आपल्याबरोबर पाण्यात उतरवलं आणि तिघंही एकसारखे तरुण होऊन वर आले. त्यातून सुकन्येनं आपला नवरा बरोबर ओळखला. उपकाराची फेड म्हणून च्यवनानं शर्यातीच्या यज्ञात अश्विनांसाठी सोमाचा पेला उचलला. इंद्र आडवा आला. म्हणाला, हे वैद्य, कामकरी, मर्त्यांच्या जगात फिरणारे, यांना सोम कसला? च्यवन ऐकेना तेव्हा त्यानं वज्र उगारलं आणि च्यवनानं त्याचा हात तिथल्या तिथे ताठरवून टाकला. पुढे 'मद' नावाचा राक्षस समोर उभा राहिल्यावर इंद्र नमला. अश्विनांना सोम मिळाला.

आता चरकाच्या साखळीकडे पुन्हा पाहा. अश्विनीकुमारांकडून आयुर्वेद कोण शिकतो? इंद्र. ज्यानं त्यांना पेला नाकारला तोच त्यांचा विद्यार्थी झालेला आहे. देवांच्या राजाला वैद्यांच्या पायाशी बसवणारी ही कडी वैद्यांनी किती जाणूनबुजून घातली असेल ते सांगता येत नाही, पण तिचं वजन त्यांना नक्कीच ठाऊक होतं. कारण चरकसंहितेतच चिकित्सास्थानात, म्हणजे उपचारांच्या विभागात, पुराव्यासारखी एक जागा आहे.

रसायनाच्या अध्यायाचा तो चौथा पाद, म्हणजे चौथा भाग. इथे आयुर्वेदाची जन्मकथा दुसऱ्यांदा येते आणि या वेळी भरद्वाज एकटे जात नाहीत. ऋषी अरण्य सोडून गावात राहायला लागले, गावचं अन्न खायला लागले, सुखवस्तू झाले आणि मंदावले. हातून नेहमीची कर्मं होईनात. चूक आपलीच आहे हे ओळखून भृगू, अंगिरा, अत्री, वसिष्ठ वगैरे मंडळी हिमालयात आपल्या जुन्या ठिकाणी परतली. तिथे इंद्र त्यांचं स्वागत करतो आणि पाहताक्षणी बोलतो की ग्लानी आली आहे तुम्हाला, आवाज बसलाय, कांती उतरलीय आणि हे सगळं गावात राहिल्यामुळे. आधी लक्षणं, मग कारण. देवांचा राजा इथे अनुभवी वैद्यासारखा बोलतो. ऋषींनाही आजार होतो आणि तो राहणीमानातून होतो, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात वाचताना मला तरी थांबावंसं वाटलं.

याच पादात पुढे अश्विनीकुमारांचं गुणगान आहे. यज्ञाचं तुटलेलं मस्तक त्यांनी जोडलं. पूषा या देवाचे पडलेले दात बसवले. भग या देवाचे गेलेले डोळे परत दिले. चंद्राचा राजयक्ष्मा, म्हणजे क्षय, बरा केला. च्यवनाला तरुण केलं. आणि इंद्राचा ताठरलेला हात? तोही त्यांनीच बरा केला, 'वज्रिणश्च भुजस्तम्भः'. महाभारतात हा हात च्यवनाच्या तपानं अडकतो. चरकाच्या यादीत तो एक रोग आहे आणि त्याला बरं करणारे तेच वैद्य आहेत. यादी संपल्यावर युक्तिवाद येतो: सकाळच्या सवनात, म्हणजे सोम पिळण्याच्या विधीत, इंद्र अश्विनांसोबत सोम पितो. अजर, अमर देवसुद्धा आपल्या वैद्यांना एवढा मान देतात, तर म्हातारपण आणि मरण पाठीशी लागलेल्या माणसांनी आपल्या वैद्याला किती मान द्यावा! पंगतीत पान मांडा, असं याहून स्पष्ट काय सांगायचं?

म्हणून ते सुरुवातीचं वाक्य महत्त्वाचं. यज्ञ, व्रत, अध्ययन हे सगळं श्रेष्ठ, पण त्याचं मूळ आरोग्यात. ज्याला धर्माच्या पंगतीतून उठवलं त्यानं दाखवून दिलं की स्वयंपाक त्याच्या चुलीवर झाला आहे.

धन्वंतरीची हरिवंशातली कथाही याच वळणाची आहे. समुद्रातून वर आल्यावर तो विष्णूला म्हणतो, मला यज्ञात भाग द्या, जगात स्थान द्या. विष्णू सांगतो, यज्ञाचे भाग आधीच वाटून झालेत, या जन्मात नाही, दुसऱ्या जन्मात तुझी कीर्ती होईल. मग तो काशीच्या धन्व राजाच्या पोटी जन्मतो, भरद्वाजांकडून आयुर्वेद शिकतो आणि त्याचे आठ भाग करून शिष्यांना देतो. दिवोदास त्याच वंशातला. चरक आणि सुश्रुतात वेगळी असलेली भरद्वाज आणि धन्वंतरी ही दोन टोकं पुराणकारानं गाठ मारून जोडून टाकली, हे तर झालंच. पण हातात खुद्द अमृत असलेल्या देवालाही 'वाटणी झाली, उशीर केलास' हे ऐकावं लागतं, ही गोष्ट मनात घर करून राहते.

लसणाची कथा

जन्मकथा फक्त शास्त्राच्या नाहीत, एकेका औषधाच्याही आहेत. 1890 साली मध्य आशियात कुचा इथे भूर्जपत्रांवर लिहिलेली एक पोथी ब्रिटिश अधिकारी हॅमिल्टन बॉवर याच्या हाती लागली. आज ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. तिच्या सुरुवातीच्या भागात आत्रेय, हारीत, पराशर, भेल, सुश्रुत अशी मंडळी हिमालयात वनस्पती पाहत हिंडताहेत. नीलमण्यासारख्या गडद पानांची एक वनस्पती सुश्रुताला दिसते. हे काय, असं तो काशिराजाला विचारतो. उत्तर मिळतं, लसूण. असुरानं अमृत प्यायलं, विष्णूनं त्याचं डोकं उडवलं, गळ्यातून जे थेंब जमिनीवर पडले त्यातून लसूण उगवला. अमृतातला म्हणून औषध, असुराच्या देहातून पडला म्हणून द्विजांना वर्ज्य. खाऊ नये असं सांगणारा समाज आणि द्यायलाच हवा हे ओळखणारा वैद्य, दोघांनाही सांभाळणारी ही गोष्ट आहे. हिरड्याबद्दल सोळाव्या शतकातला भावप्रकाश असंच सांगतो. इंद्र अमृत पिताना एक थेंब पृथ्वीवर पडला, त्याचा हिरडा झाला. च्यवनप्राशाचा पाठ चरकात आहे, पाचशे आवळ्यांचा, आणि तिथे च्यवनाचं नाव हीच त्या अवलेहाची ग्वाही.

इतिहासाच्या बाजूनं थोडक्यात. ऋग्वेद, अथर्ववेद यांच्या संहितांत रोग आहेत, वनस्पती आहेत, मंत्र आहेत, पण 'आयुर्वेद' हा शब्द नाही. चरक आणि सुश्रुत या संहिता आज दिसतात त्या रूपाला इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासच्या शतकांत, कित्येक हातांनी घडत आल्या. बौद्ध विनयग्रंथांत जीवकाची कथा आहे. तो तक्षशिलेला सात वर्षं वैद्यक शिकला. गुरूनं सांगितलं, तक्षशिलेभोवती योजनभर फिर आणि औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. तो रिकाम्या हातानं परतला आणि उत्तीर्ण झाला. या कथेत ब्रह्मा नाही, इंद्र नाही. गुरू, शिष्य आणि रान एवढंच. अशा हिंडणाऱ्या, सगळ्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या माणसांनी वैद्यक उभं केलं आणि मग त्याला देवांची वंशावळ जोडली, असं अनेक अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं. पण त्यामुळे वंशावळ कमी मोलाची ठरत नाही. ती कशासाठी लागली हे कळतं.

सुश्रुतसंहिता शल्य हे पहिलं अंग का, याचं कारण देताना यज्ञाच्या मस्तकाचीच कथा सांगते. फक्त देवांच्या तोंडचे शब्द बदललेत. तैत्तिरीयात देव 'अपवित्र' म्हणाले होते. इथे तेच देव अश्विनांकडे जाऊन म्हणतात, आपण दोघे आमच्यात सर्वश्रेष्ठ व्हाल, एवढं मस्तक जोडा. आणि त्यांच्या वाटणीसाठी इंद्राची मनधरणीही देवच करतात.

या शब्दबदलानं काय साधलं, ते त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानात पाचव्या अध्यायात दिसतं. तिथे धन्वंतरीच्या मुखातून शिष्याला सांगितलं आहे की शरीर नेमकं कळायला हवं असेल तर प्रेत घे. सगळे अवयव शाबूत असलेलं, विषानं न मेलेलं, फार दिवसांच्या आजारानं खंगलेलं नको, शंभरीचंही नको. आतड्यातला मळ काढ. मुंज, साल, कुश, ताग यांत गुंडाळून पिंजऱ्यात ठेव आणि कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी वाहत्या नदीत बुडवून ठेव. सात रात्रींनी बाहेर काढ. मग वाळा, केस, वेळू यांच्या कुंचल्यानं हळूहळू घासत जा, त्वचेपासून सुरुवात कर आणि एकेक थर सुटेल तसा आतला, बाहेरचा प्रत्येक अवयव स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.